सेकंदास चित्रें किती?



गेल्या दिवाळींत आमच्या घरीं मोठ्या पडद्याचा नवा टेलिव्हिजन आला. चिरंजीवांनीं तो भिंतीवर बसविला, सूनबाईंनीं त्याला हळदकुंकू वाहिलें, आणि घरांतील वडीलधारा म्हणून त्यावर पहिला चित्रपट कोणता पहावयाचा हें ठरविण्याचा मान मला मिळाला. मीं प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' मागितला. १९३६ सालचा हा चित्रपट. दामले आणि फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांची भूमिका. आजवर तो मीं किती वेळां पाहिला याची गणती नाहीं. परंतु त्या दिवशीं दहा मिनिटांतच मी अस्वस्थ झालों. चित्र लख्ख होतें, कोठें थरथर नव्हती, पण पागनिस ओळखीचे वाटेनात. माणसें चालत नसून गुळगुळीत फरशीवरून घसरत आहेत असें वाटूं लागलें. इतकीं वर्षें देहू म्हणून ज्याकडे पाहिलें, तें एकाएकीं रंगविलेल्या पडद्यांचें नेपथ्य दिसूं लागलें. माझा नातू मात्र हरखून गेला होता. "आजोबा, किती स्वच्छ दिसतंय!" असें तो पुन्हां पुन्हां म्हणत होता.

आम्हां दोघांपैकीं बरोबर कोण? वाद घरगुती, परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे. चित्रपट म्हणजे स्थिर छायाचित्रांची माळ. ही माळ किती वेगानें ओढावी? दर सेकंदास सोळा चित्रें, चोवीस, अठ्ठेचाळीस, कीं एकशें वीस? चित्रें वाढविल्यानें चित्रपट सुधारतो कीं बिघडतो? मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना इतिहास व अंकगणित शिकविलेला मनुष्य आहें. म्हणून या प्रश्नाकडे मी त्या दोन विषयांच्याच वाटेनें जाणार आहें.

प्रथम डोळ्याची गोष्ट. आमच्या लहानपणीं पुस्तकांत असें लिहिलेलें असे, कीं डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, आणि या दृष्टिसातत्यामुळें चित्रें हालतांना दिसतात. हें अर्धेंच सत्य आहे. येथें दोन निरनिराळीं कोडीं आहेत. पडद्यावरचा प्रकाश लुकलुकूं नये, हें एक. आणि स्थिर चित्रांतून हालचालीचा भास व्हावा, हें दुसरें. हालचालीचा भास हें मेंदूचें काम आहे. १९१२ सालीं मॅक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवून दिलें, कीं दोन ठिकाणीं एकामागून एक दाखविलेल्या स्थिर रेषा आपल्याला एकच रेषा सरकल्यासारख्या दिसतात. या भासाला सेकंदास बारा-सोळा चित्रें पुरतात. लुकलुक थांबविण्यास मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. त्यासाठीं प्रकाशाचे सुमारें अठ्ठेचाळीस ठोके लागतात, आणि पडदा जितका उजळ तितके ते अधिक लागतात. या दोन आंकड्यांमधील अंतर ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

या इतिहासाच्या उंबरठ्यावरच दोन मतें उभीं आहेत. १८९४ सालच्या एप्रिलांत न्यूयॉर्कमध्यें एडिसनच्या कायनेटोस्कोपचें पहिलें दुकान उघडलें. ही एक लांकडी पेटी. वरच्या भोंकांतून एका वेळीं एकानेंच पहावयाचें. आंत सुमारें पन्नास फुटांची फीत अखंड धांवे, आणि सेकंदास चाळीसच्या आसपास चित्रें डोळ्यांपुढून जात. एडिसनचें मत तर सेहेचाळीस असावींत असें होतें. खेळ सुमारें वीस सेकंदांत संपे. पुढील वर्षीं, २८ डिसेंबर १८९५ रोजीं, पॅरिसमध्यें ल्युमिएर बंधूंनीं पैसे घेऊन पडद्यावर चित्रें दाखविलीं. त्यांचा वेग सेकंदास सोळा. फीत जवळजवळ तितक्याच लांबीची. पण ती पन्नास सेकंद पुरे. तेवढ्याच फितीवर अडीचपट खेळ! काटकसरीनें पहिल्याच सामन्यांत बाजी मारली. हाच ल्युमिएर यांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला, आणि आपल्या देशानें हालतें चित्र पाहिलें तें सोळाच्या हिशेबानें.

मग सोळा चित्रांत लुकलुक कां होत नसे? प्रथम ती होतच असे. पुढें यंत्रकारांनीं एक युक्ति काढली. प्रोजेक्टरच्या भिंगासमोर फिरणाऱ्या झडपेला तीन पातीं बसविलीं. त्यामुळें एकच चित्र पडद्यावर तीनदां चमकूं लागलें. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! चित्रें सोळाच, पण प्रकाशाचे ठोके अठ्ठेचाळीस. डोळा फसला आणि फीत वांचली.

तथापि मूकपटाचा वेग सोळाच होता असें म्हणणें चुकीचें ठरेल. कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवावयाचा असे. एका फेऱ्यांत आठ चित्रें, सेकंदास दोन फेरे, असा सर्वसाधारण ठोका. परंतु हात म्हणजे घड्याळ नव्हे. विनोदी प्रसंग घेतांना कॅमेरावाला मुद्दाम सावकाश दांडा फिरवी, म्हणजे पडद्यावर पळापळ अधिक वेगानें दिसे. चित्रगृहाचा मालक गर्दीच्या दिवशीं यंत्र जोरांत चालवावयास सांगे, कारण तसें केल्यानें एक खेळ अधिक बसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत वेग वाढत वाढत वीस, बावीस, चोवीस असा जाऊन पोंचला होता.

याचें एक घरचें उदाहरण पाहूं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. आतां हिशेब करा. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटांत सोळा चित्रें असतात. सेकंदास सोळा चित्रें म्हणजे सेकंदास एक फूट, मिनिटास साठ फूट. त्या वेगानें ३,७०० फुटांस एकसष्ट मिनिटांहून अधिक वेळ लागेल. सेकंदास चोवीस धरलीं तर मिनिटास नव्वद फूट, म्हणजे सुमारें एक्केचाळीस मिनिटें. अर्थात् तो चाळीस मिनिटांचा आंकडा बोलपटाच्या वेगाचा आहे! एका मूकपटाच्या आयुष्यांतील वीस मिनिटें अशीं केवळ भागाकारांत नाहींशीं होतात, आणि तारामतीचा शोक दीडपट घाईनें उरकतो.

चोवीस हा आंकडा आला तो ध्वनीबरोबर. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्कमध्यें वॉर्नर बंधूंचा 'डॉन जुआन' व्हायटाफोन पद्धतीनें, म्हणजे तबकडीवरील संगीतासह, दाखविण्यांत आला, आणि पुढील वर्षीं ६ ऑक्टोबरला 'द जॅझ सिंगर' आला. डोळा वेगांतील चढउतार सहन करतो; कान करीत नाहीं. यंत्र जरा सावकाश झालें कीं गाणाऱ्याचा स्वर उतरतो, जलद झालें कीं चढतो. तेव्हां एक कायमचा वेग ठरविणें भागच होतें. मिनिटास नव्वद फूट, म्हणजे सेकंदास चोवीस चित्रें, हा वेग त्या काळच्या मोठ्या चित्रगृहांतील प्रत्यक्ष वहिवाटीला जवळचा होता, आणि हजार फुटांचें एक रीळ त्या वेगानें अकरा मिनिटें चाले, तितकाच वेळ ध्वनीची एक तबकडी पुरे. पुढें फितीच्या कडेलाच ध्वनि छापूं लागले, तेव्हांहि उंच स्वर नीट उमटण्यास सोळापेक्षां हा वेग सोयीचा ठरला. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' लागला, १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला, आणि आपणहि चोवीसचे झालों.

येथें थोडें थांबावें असें मला वाटतें. आज जे रसिक चोवीसचा कैवार घेतात, ते पुष्कळदां असें बोलतात कीं जणूं या आंकड्यांत कलेचें गूढ तत्त्व भरलेलें आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. कोणत्याहि कलावंतानें सौंदर्याचा विचार करून चोवीस निवडलें नाहीं. कान, फीत आणि तिजोरी या तिघांमधील तो एक समझोता होता.

त्यांत उणीवाहि होत्या. चोवीसच्या वेगांत प्रत्येक चित्र साधारणतः सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकें उघडें राहतें. तेवढ्यांत हालणारा हात चित्रावर किंचित् पुसट उमटतो. कॅमेरा झपाट्यानें आडवा फिरविला तर खांब, झाडें, माणसें धक्के खात सरकतात. म्हणून छायालेखकांनीं कॅमेरा किती सावकाश फिरवावा याचे नियमच बांधले. म्हणजे पहा, उणीवेला सांभाळतां सांभाळतां एक शैली निर्माण झाली. तो पुसटपणा, ती किंचित् थरथर, यांना आपण पिढ्यानुपिढ्या 'सिनेमा' म्हणून ओळखूं लागलों.

या ओळखीस दूरचित्रवाणीनें अधिक पक्कें केलें. अमेरिकेंत विजेचा प्रवाह सेकंदास साठ आवर्तनांचा, युरोपांत व आपल्याकडे पन्नासांचा. त्या बेतानें दूरचित्रवाणीचें चित्र अमेरिकेंत सेकंदास साठदां व इकडे पन्नासदां अर्धें अर्धें रेखाटलें जाई. स्टुडिओंत घेतलेल्या मालिका, बातम्या, क्रिकेटचे सामने यांतील हालचाल त्यामुळें सलग दिसे. चित्रपट मात्र त्याच पेटींत आपल्या जुन्या चालीनें चाले. इतकेंच नव्हे, तर आपल्या पंचवीसच्या पद्धतींत बसविण्यासाठीं चोवीसचा चित्रपट किंचित् पळविला जाई, आणि अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटें आधींच संपे. पेटी तीच, पण नकळत मनांत दोन खण पडले. सलग हालचाल म्हणजे रोजचें, स्वस्त, चालू क्षणाचें. किंचित् तुटक हालचाल म्हणजे कथेचें, दूरचें, भव्य. अधिक चित्रांचा चित्रपट पाहतांच 'हें तर मालिकेसारखें दिसतें' अशी जी तक्रार होते, तिचें एक मूळ या संवयींत आहे.

वेग वाढविण्याचे प्रयत्न मात्र कधीं थांबले नाहींत. १९५२ सालीं तीन प्रोजेक्टरांनीं एक विशाल वांकडा पडदा भरणारें सिनेरामा आलें, तें सव्वीसचें. १९५५ सालीं टॉड-एओ पद्धतीचा 'ओक्लाहोमा!' तीसच्या वेगानें निघाला. पण तीसचीं यंत्रें मोजक्याच चित्रगृहांत. म्हणून तोच चित्रपट सामान्य चित्रगृहांसाठीं चोवीसच्या वेगानेंहि निराळा चित्रित करावा लागला. पुढील वर्षींच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'नंतर हा वेग मागें पडला. त्यानंतर, '२००१: ए स्पेस ओडिसी' या १९६८ सालच्या चित्रपटांतील दृश्यचमत्कारांचे एक शिल्पकार डग्लस ट्रंबुल यांनीं सत्तर मिलिमीटरची फीत सेकंदास साठ चित्रांनीं चालविणारी शोस्कॅन पद्धति काढली. निरनिराळ्या वेगांनीं चित्रें दाखवून त्यांनीं प्रेक्षकांच्या शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनीं मोजले, आणि वेगाबरोबर प्रेक्षकाची उत्तेजना वाढते असा निष्कर्ष काढला. १९८३ सालच्या आपल्या 'ब्रेनस्टॉर्म' चित्रपटांत ही पद्धति वापरावी अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. अडीचपट फीत आणि प्रत्येक चित्रगृहांत नवें यंत्र, हा खर्च कोण सोसणार? शोस्कॅन प्रदर्शनांत आणि करमणुकीच्या उद्यानांतच राहिलें. म्हणजे या सर्व पराभवांत प्रेक्षकांच्या नापसंतीपेक्षां फितीच्या किंमतीचा हात मोठा होता.

एकविसाव्या शतकांत फीत गेली, संगणकाचीं चित्रें आलीं, आणि ही जुनी सबब संपली. आतां प्रेक्षकांचा खरा कौल घेतां येण्याजोगा होता. डिसेंबर २०१२ मध्यें पीटर जॅक्सन यांचा 'द हॉबिट' मालिकेंतील पहिला चित्रपट अठ्ठेचाळीसच्या वेगानें कांहीं चित्रगृहांत दाखविण्यांत आला. कौल दुभंगला. कित्येकांना त्रिमिति चित्रें डोळ्यांना कमी शिणविणारीं वाटलीं. परंतु इतर कित्येकांना खोटी दाढी खोटी दिसली, देखावा लांकडी दिसला, आणि पात्रें उगाच घाईनें चालत आहेत असें वाटलें. २०१६ सालीं ॲंग ली यांनीं 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' सेकंदास एकशें वीस चित्रांनीं घेतला. तो त्याच्या पूर्ण रूपांत दाखवूं शकणारीं चित्रगृहें साऱ्या जगांत बोटांवर मोजण्याइतकीं निघालीं. २०१९ सालचा त्यांचा 'जेमिनी मॅन' हाहि त्याच वेगानें घेतलेला. तोहि धंद्यांत पडला. उलट डिसेंबर २०२२ मधील जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार: द वे ऑफ वॉटर'नें निराळी वाट धरली. पाण्याखालचीं व धांवपळीचीं दृश्यें अठ्ठेचाळीसनें, आणि माणसें शांतपणें बोलत असतील तेथें तेंच चित्र दोनदां दाखवून चोवीसचा भास. या चित्रपटानें दोन अब्ज डॉलरांहून अधिक कमाई केली. त्यांतील किती श्रेय वेगाला द्यावें हें ठरवितां येणार नाहीं. पण अधिक चित्रें दिसतांच प्रेक्षक उठून जातो, हें म्हणणें मात्र त्यानें खोटें पाडलें.

आतां न्याय करूं. अधिक चित्रांच्या बाजूनें एवढें मान्य केलेंच पाहिजे, कीं धांवणारा घोडा, उसळणारी लाट, झपाट्यानें फिरणारा कॅमेरा यांत तीं स्पष्ट दिसण्याचें सुख देतात. चोवीसच्या बाजूनें असें, कीं कथा पाहणारा मनुष्य केवळ स्पष्टतेसाठीं येत नाहीं. सर्व कांहीं दाखविलें म्हणजे रंगहि दिसतो आणि रंगाखालचा पुठ्ठाहि दिसतो. नटाचा मुखवटा, दिव्याची मांडणी, नेपथ्याची पोकळी झांकून ठेवण्यास तो थोडा पुसटपणा उपयोगी पडत होता. अधिक चित्रें घेणाऱ्या दिग्दर्शकाला म्हणूनच रंगभूषा, अभिनय, प्रकाश हें सारें नव्यानें शिकावें लागेल. बोलपट आला तेव्हां मूकपटाच्या नटांनाहि शिकावें लागलें होतें, आणि बोलण्यानें चित्रपट बिघडला असें म्हणणारे विद्वान तेव्हांहि होते. शिवाय संवय ही कायमची नसते. माझा नातू साठ चित्रांचे संगणकावरील खेळ खेळत वाढला आहे. त्याच्या मनांत माझ्या मनांतले दोन खण पडलेलेच नाहींत. माझ्या डोळ्यांची संवय ही त्याच्या डोळ्यांसाठीं कायदा होऊं शकत नाहीं.

मग त्या दिवाळीच्या दिवशीं तोच बरोबर होता काय? नाहीं, आणि तें त्यानेंच शोधून काढलें. नव्या टेलिव्हिजनमध्यें हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. मूळच्या दोन चित्रांच्या मधलीं चित्रें यंत्र आपल्या अंदाजानें बनवितें व मध्यें घुसडतें. म्हणजे तुकारामाच्या हाताचीं जीं चित्रें मी पाहत होतों, त्यांतील निम्म्याहून अधिक चित्रें १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात स्टुडिओंत कोणत्याहि कॅमेऱ्यानें घेतलेलीं नव्हतीं! अठ्ठेचाळीस चित्रें घेऊन अठ्ठेचाळीस दाखविणारा दिग्दर्शक आपलें म्हणणें मांडीत असतो. तें आवडो वा न आवडो. चोवीसचीं साठ करणारें यंत्र दुसऱ्याच्या तोंडीं आपले शब्द घालतें. याविरुद्ध २०१८ सालच्या डिसेंबरांत टॉम क्रूझ व दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅकवॉरी यांनीं लोकांना ही सोय बंद करण्याची विनंति केली, आणि २०१९ सालीं कांहीं कारखानदारांनीं मूळ वेग जसाच्या तसा राखणारी रचना आपल्या संचांत देण्याचें जाहीर केलें. नातवानें ती सोय बंद केली. पागनिस परत आले. नातू म्हणाला, "जरा थरथरतंय, पण चालेल."

या निर्णयाशीं माझा एक जुना अपराध निगडित आहे. तो सांगून मी आपली रजा घेतों. १९८६-८७ च्या सुमारास मी ज्या शाळेंत होतों तेथें सोळा मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर होता. गांधीजयंतीच्या दिवशीं दांडीयात्रेचीं जुनीं दृश्यें असलेली एक मूक फीत मिळाली, ती मीं मुलांना दाखविली. महात्माजी काठी टेकीत तुरुतुरु धांवल्यासारखे चालले, मागची मंडळी बाहुल्यांसारखी उड्या मारीत चालली, आणि एक मुलगा खदखदून हंसला. गांधीजी जलद चालत हें मला ठाऊक होतें, पण हंसण्याजोगें त्यांत मला कांहीं दिसलें नाहीं. मीं त्या मुलाला वर्गाबाहेर उभें केलें, आणि थोर पुरुषांविषयींच्या आदरावर उरलेल्यांना व्याख्यान दिलें. पुढें कांहीं महिन्यांनीं यंत्र पुसतांना त्याच्या बाजूस एक लहान खटका दिसला. एका बाजूस मूक, दुसऱ्या बाजूस बोलपट. तो बोलपटाकडे होता. सोळा-अठराच्या वेगानें दाखवावयाची फीत मीं चोवीसनें पळविली होती. त्या सत्याग्रहींचा अवमान त्या मुलानें केला नव्हता. तो मीं केला होता. मुलानें जें पाहिलें त्याला तो प्रामाणिकपणें हंसला, एवढेंच.

तो विद्यार्थी आतां पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेल्या वर्षीं एका लग्नांत भेटला, तेव्हां मीं त्याला बाजूस घेऊन क्षमा मागितली. त्याला तो प्रसंग आठवतहि नव्हता. आपल्या घरीं नवा टेलिव्हिजन आला, तर जुना चित्रपट लावण्यापूर्वीं तेवढी एक सोय बंद आहे ना, हें मुलांकडून पाहून घ्यावें.